सेकंडचा माल

मे महिना. चव्वेचाळीस डिग्री.
रिबकाला पुरलं त्या दुपारी
माती इतकी तापली होती की
मूठ भरायला हात घातला
आणि हात मागे आला.
तो मागे आलेला हात
मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

एकोणीस वर्षं. एकशे बारा डायलिसिस.
कॅलेंडरवर मोजलेत मी,
दुधाच्या हिशेबाशेजारी.

मंडळीतले लोक आले. चांगले लोक.
चहा-साखर आणली, स्तोत्र म्हटलं.
पाळक म्हणाले, देव विणकर आहे बाई,
आपल्याला दिसते ती उलटी बाजू,
गाठी नि लोंबते धागे.
सुलटी वर गेल्यावर दिसेल.

यांनी एकतीस वर्षं माग चालवला.
मान खाली घालूनच म्हणाले,
"पाळकसाहेब, टॉवेलला उलटी बाजू नसते.
बिघडला तर दोन्हीकडून बिघडतो."
मग कोणी बोललं नाही.
पलीकडच्या गल्लीत तेवढं
खटाक् खटाक् चालू होतं.

पाच महिने चर्चला गेले नाही.
रविवारी घंटा झाली की
नरसम्माकडे जाऊन बसायची.
ती विड्या वळायची, मी पानं कापायची.
तिचंही पोर गेलेलं, माझ्या आधी.
तिने मला काहीच समजावलं नाही.
दुपारी कडक भाकरी मोडून
अर्धी माझ्याकडे सरकवायची.
ही कुणाची सवय,
ते तेव्हा लक्षात आलं नाही.

देवाशी बोलणं बंद नव्हतं. भांडण होतं.
गच्चीवर, उघड्या डोळ्यांनी.
तुला एकच मुलगा होता, म्हणायची,
तो तिसऱ्या दिवशी परत मिळाला तुला.
माझे दिवस मोज की.

दिवाळीच्या तोंडावर सिव्हिलला गेले,
योजनेच्या कागदावर एक शिक्का राहिला होता.
वॉर्डाच्या दारात अक्कलकोटकडचा एक म्हातारा,
मल्लप्पा. साखरेने पाय काळा पडलेला,
सोबत कोणी नाही.
सिस्टर न बघताच म्हणाली,
"मावशी, बादली धरा जरा."
धरली.
मग पाय धरला.
टाचेच्या भेगांत काळी माती,
ती पाण्यात हळूहळू सुटत गेली.
पुसायला काही नव्हतं.

म्हणजे होतं.
पिशवीच्या तळाशी रिबकाचा टॉवेल,
यांनीच आणलेला, सेकंडचा,
एका कडेचा धागा सुटलेला.
सुया दिसू नयेत म्हणून
ती हातावर टाकायची तो.
पाच महिने मी त्याची घडी मोडली नव्हती.

मोडली. गुडघ्यावर बसले.
आणि आठवलं, उद्या मरायचंय हे माहीत असलेला एकजण
त्या रात्री जेवणावरून उठला होता.
सुलटं-उलटं काही न समजावता
कमरेला रुमाल बांधला होता त्याने.
चर्चमध्ये वाचताना रुमाल म्हणतात.
सोलापुरात टॉवेल.

म्हाताऱ्याने पाय मागे घेतला.
"नगं बाई, घाण हाय."
मला माझा हात आठवला.
म्हटलं, "राहू द्या."

आता मंगळवार-शुक्रवार जाते. तिचेच वार.
हे किलोवर सेकंडचा माल आणतात,
रात्री मी कडा दुमडते,
हे गुपचूप सुईत दोरा ओवून ठेवतात.
चर्चलाही जाते. मागचा बाक.
स्तोत्रातली एखादी ओळ सोडून देते,
ती अजून म्हणवत नाही.
बरं वाटतं का आता, लोक विचारतात.
काय सांगू?

काल एक पोरगी आली, कॉलेजची.
सुई बघायची नाही म्हणून
भिंतीकडे तोंड करून पडली.
तिच्या हातावर मी रिबकाचाच टाकला,
उकळून धुतलेला.
थोड्या वेळाने म्हणाली,
"मावशी, याचा धागा निघालाय."
म्हटलं, ओढू नको गं.
असू दे तसाच.